फौजी कुटुंबांसाठी गावाचा मदत गट: नोंदवहीपासून हयातीच्या दाखल्यापर्यंत

पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, ‘शोभा’, आधारवर ‘शोभाबाई’ आणि बँकेच्या पासबुकावर लग्नाआधीचं नाव ‘कमल’. नवरा हयात असेपर्यंत या तीन नावांनी कुणाचं काही अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन अडतं, आणि ती बाई एकाच कागदासाठी तालुका, जिल्हा, बँक अशा फेऱ्या मारत राहते. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलण्याची आपल्याकडची जुनी रीत फौजेच्या कागदांत फार महागात पडते.

गावानं सैनिकांच्या घरांसाठी काय करावं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा अशाच किरकोळ दिसणाऱ्या कामांत असतं. सत्कार, कमान, फलक हे होतच राहतं. खाली दिलंय ते महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात किंवा शहरातल्या प्रभागात पाच-सात माणसांनी नेमानं करायचं काम.

गटात कोण हवं, कोण नको

पाच ते सात जण पुरेत. त्यांत फौजेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेला एक माणूस मिळाला तर अर्धं काम झालं. पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलांचा जन्म अशा बदलांची फौजेतली अधिकृत नोंद) म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. किमान दोन महिला हव्यातच, कारण घरात एकट्या असलेल्या जवानाच्या बायकोकडे किंवा विधवेकडे कागद बघायला पुरुषांनी जाणं दोघांनाही अवघड होतं. एखादा स्मार्टफोन नीट हाताळणारा तरुण, आणि जमलं तर आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी व्यक्ती. निवडणुकीला उभं राहायचा विचार असलेला माणूस गटात नको. तो वाईट असतो म्हणून नव्हे; त्याच्याबरोबर अर्धं गाव येतं आणि उरलेलं अर्धं गाव दार बंद करतं.

पैसे गोळा करायचे नाहीत, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. झेरॉक्स, फोटो, एसटीचं भाडं एवढाच खर्च असतो, तो आपसांत भागतो. ज्यांना देणगी द्यायचीच आहे त्यांनी ती सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्यावी. १९४९पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून अधिकृत पावती मिळते आणि आयकराच्या ८०जी कलमाखाली सवलतही मिळते.

काम सुरू करण्याआधी त्या जिल्हा कार्यालयात एकदा जाऊन या. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना भेटा आणि तिथल्या कल्याण संघटकांची ओळख करून घ्या. ते स्वतः माजी सैनिक असतात, आणि कुठला अर्ज कशामुळे परत येतो हे त्यांना तोंडपाठ असतं. तालुक्याच्या गावी ते कधी बसतात, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सगळेच ‘फौजी’, पण दारं वेगळी

गावात गणवेश घातलेला प्रत्येक माणूस फौजी असतो. सरकारी कागदात तसं नसतं, आणि इथे चूक झाली की माणूस आठ महिने चुकीच्या दारात उभा राहतो.

भूदल, नौदल आणि हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांच्या विधवा आणि अवलंबित जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे येतात. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, सीआयएसएफ ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं गृह मंत्रालयाखाली आहेत. त्यांच्यासाठी ‘वार्ब’ हे वेगळं कल्याण व पुनर्वसन मंडळ आहे. त्यांच्या लोकांना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड मिळत नाही.

तिसरा प्रकार नवा आहे. अग्निवीर चार वर्षं सेवा करतो. जे नियमित सेवेत घेतले जात नाहीत ते सेवा निधीची रक्कम घेऊन बाहेर पडतात. त्यांना निवृत्तिवेतन, माजी सैनिकाचा दर्जा आणि ईसीएचएस लागू नाही. सेवेत असताना मात्र त्यांच्या नावे ४८ लाख रुपयांचा विमा असतो. घरच्यांना बहुधा हे माहीत नसतं, म्हणून वहीत अग्निवीर असं स्पष्ट लिहा.

नोंदवही

एक जाड, बांधीव वही. प्रत्येक घराला दोन पानं. लिहायचं ते एवढंच: सैनिकाचं नाव, सर्व्हिस नंबर, रँक, दल आणि रेजिमेंट, सेवेत की निवृत्त, निवृत्तीची तारीख, पत्नीचं पीपीओवर जसं आहे तसं नाव, तिची जन्मतारीख नोंदलेली आहे की नाही, ईसीएचएस कार्ड आहे का, मुलांचं शिक्षण, आणि घरात अपंग मूल आहे का. आधार क्रमांक, खाते क्रमांक, पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत. ‘सोयीसाठी’ म्हणून सगळ्यांची आधारं मोबाईलमध्ये काढून ठेवणारा एक तरी उत्साही सदस्य प्रत्येक गटात निघतो. त्याला सुरुवातीलाच थांबवा. वही एकाच घरी, कुलपात.

सेवेतल्या जवानाचं पोस्टिंग कुठे आहे तेही लिहू नका. पत्ता लागलाच तर नंबर, रँक, नाव, युनिट आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (सैन्याचं टपाल कार्यालय), एवढा पुरतो. त्या पत्त्यावर ठिकाणाचं नाव घालायचं नसतं.

घराघरातली फाईल

पहिल्या तीन महिन्यांचं मुख्य काम हेच. प्रत्येक निवृत्त सैनिकाच्या घरी बसून एक फाईल लावायची: डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ आणि नंतरचे सगळे सुधारित पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, पती-पत्नीचा जोड फोटो, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, दोघांचं आधार आणि पॅन, पासबुकाचं पहिलं पान. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या दोन प्रती काढा, कोरी वाटणारी पानंसुद्धा. मूळ पुस्तक प्लास्टिकच्या पाकिटात. पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या पुस्तकाला वाळवी लागून सेवेच्या नोंदीच गायब झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. लॅमिनेशन मात्र करू नका.

फाईल लावताना चार गोष्टी ताडून बघा.

पत्नीचं नाव. पीपीओ, आधार, पॅन आणि बँक, चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर जुळतं का? ‘बाई’, ‘ताई’, मधलं नाव आणि इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. किरकोळ फरक असेल तर सोपा मार्ग म्हणजे पीपीओला प्रमाण धरून आधार आणि बँक दुरुस्त करणं. पीपीओवरच नाव चुकलं असेल तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, जातात. हे काम नवरा हयात असताना त्याच्या सहीनं जितक्या लवकर होतं, तितकं त्याच्या पश्चात होत नाही.

पत्नीची जन्मतारीख. जुन्या पीपीओंवर ही जागा कोरी असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पण वयाच्या ८०व्या वर्षापासून कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ला ती ३० टक्के होते, ९०ला ४०, ९५ला ५० आणि १००व्या वर्षी १०० टक्के. तारीखच नोंदलेली नसेल तर वाढ लावणार कशी? गावातल्या ऐंशी पार केलेल्या प्रत्येक विधवेचा पीपीओ या एका नजरेनं तपासाच.

निवृत्तीनंतर झालेलं लग्न. पहिली पत्नी वारल्यावर दुसरं लग्न केलेल्यांची नवी पत्नी रेकॉर्डमध्ये नसते. त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसकडे नोंद करून घ्यावी लागते.

अपंग मूल. आई-वडिलांनंतर अपंग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. वडील हयात असताना वैद्यकीय प्रमाणपत्रासह नाव नोंदवून ठेवलं तर ते सुरळीत होतं. नाहीतर ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्यालाच पुढे कार्यालयात उभं राहावं लागतं.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं, यावर नेहमी गोंधळ होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (विद्युत व यांत्रिक अभियंता दल) सिकंदराबादला. नौसैनिकांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, हवाई दलाची दिल्लीत सुब्रतो पार्कला. पत्रावर सर्व्हिस नंबर, रँक आणि नाव पहिल्याच ओळीत हवं. त्याविना कागद जागचा हलत नाही.

नोव्हेंबर: हयातीचा दाखला

संरक्षण खात्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून, प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडून (संरक्षण खात्याचं पेन्शनचं लेखा कार्यालय) थेट खात्यात येते. बँक फक्त पैसे जमा होण्याची जागा उरली. बऱ्याच ज्येष्ठांच्या हे अजून पचनी पडलेलं नाही. ते जुन्या सवयीनं बँकेत जातात, दाखला देतात, आणि दाखला बँकेच्याच नावावर नोंदला गेल्यामुळे पेन्शन थांबते.

गटानं नोव्हेंबरच्या पहिल्या दोन रविवारी ग्रामपंचायतीत बसावं. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांचं आधी उरकून घ्या. साहित्य: चांगल्या कॅमेऱ्याचा एक अँड्रॉइड फोन, त्यात ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधारफेसआरडी’ ही दोन अॅप्स, आणि खिडकीजवळची खुर्ची.

१. फोनवर आधी ऑपरेटरची नोंद करा. ती एकदाच लागते. ऑपरेटरचा स्वतःचा चेहरा आणि आधार वापरून होते.

२. पेन्शनधारकाचा आधार क्रमांक आणि मोबाईल नंबर घाला. ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, म्हणून त्यांना फोन घेऊन यायला आदल्या दिवशी सांगा.

३. नाव आधारवर आहे तसंच.

४. पेन्शनचा प्रकार निवडताना नीट विचारा: स्वतःची सेवा पेन्शन की कुटुंब निवृत्तिवेतन? स्वतः फौजेत असलेल्या विधवेला दोन्ही असू शकतात, तेव्हा दाखलेही दोन.

५. मंजुरी देणारा अधिकारी म्हणून संरक्षण विभागातला पीसीडीए पेन्शन, अलाहाबाद (प्रयागराजचं जुनं नाव) हा पर्याय निवडा. वितरण करणारी यंत्रणा म्हणून ‘स्पर्श’. बँकेचं नाव निवडायचं नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

६. पीपीओ क्रमांक स्पर्शचा, १२ अंकी. जुना, तिरक्या रेघांचा क्रमांक नको.

७. चेहरा टिपताना पाठीमागे उजेड नको, टोपी-चष्मा काढलेला, आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, घाई करू नका.

८. दाखल्याचा क्रमांक, म्हणजे प्रमाण आयडी, वहीत तारखेसह लिहा आणि त्यांनाही कागदावर द्या.

मग पाच-सात दिवसांनी स्पर्शच्या पोर्टलवर दाखला स्वीकारला गेला का ते बघा. अॅपमध्ये दाखला तयार झाला म्हणजे काम संपलं असं नाही. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या घरी जा. फोनवर काम होत असल्यानं खाटेवरून उचलून आणायची गरज राहिलेली नाही.

याच दिवसांत ‘हयातीचा दाखला संपलाय, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. कुणीही फोनवरून दाखला मागत नाही, हे प्रत्येकाला बजावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता बरीच असते.

पेन्शनधारक गेल्यावर

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करा, शुल्क लागत नाही. दाखल्यावरचं नाव पीपीओवरच्या नावाशी जुळवूनच लिहून घ्या. ‘अण्णा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा दाखला ‘अण्णा’ याच नावानं निघालेला असतो, आणि मग तो दुरुस्त करण्यात दोन महिने जातात. चार-पाच मूळ प्रती घ्या.

मृत्यूची खबर स्पर्शला लवकर द्या. काही घरांत ‘आलेले पैसे येऊ देत’ असा सल्ला देणारा कोणीतरी असतो. तो ऐकू नका. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम पुढे वसूल होते, आणि विधवेच्या पहिल्याच पेन्शनला कात्री लागते.

पत्नीचं नाव पीपीओत नोंदलेलं असेल तर मृत्यूचा दाखला, आधार, पॅन, बँक तपशील आणि फोटो एवढ्यावर काम होतं. पती-पत्नीचं पेन्शनचं खातं आधीपासून संयुक्त असेल तर तिला नवं खातं उघडावं लागत नाही. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतं. पण निवृत्त सैनिक तुलनेनं तरुण वयात गेला, तर ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवर वाढीव दर, म्हणजे ५० टक्के लागू होतो. फौजी चाळिशीत निवृत्त होतो, त्यामुळे हे अनेक घरांना लागू पडतं. पहिली रक्कम आली की ती कुठल्या दरानं आली, हे गटातल्या क्लार्कानं तपासावं.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पगार किंवा पेन्शनचं खातं बँकेच्या डिफेन्स पॅकेजमध्ये असेल तर त्यावर अपघात विमा असतो. रस्ता अपघातात गेलेल्या जवानाच्या घरच्यांनी बँकेला हे स्पष्ट विचारायचं. बँक आपणहून सांगेलच असं नाही, आणि दाव्याला मुदत असते.

आजारपण

ईसीएचएस १ एप्रिल २००३ला सुरू झाली. साधा नियम असा: आधी ईसीएचएसचा दवाखाना म्हणजे पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतलं रुग्णालय. रात्री हृदयविकाराचा झटका आला तर यातलं काही बघत बसू नका, १०८ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्या. रुग्णालय यादीबाहेरचं असेल तर दोन दिवसांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायला हवं. जे घर रुग्णाच्या धावपळीत आहे त्याला हे आठवत नाही, म्हणून कळवण्याचं काम गटातल्या एकाकडे कायमचं द्या. बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड यांच्या मूळ प्रती एका पिशवीत.

मन खचलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न गावात उघड विचारला जात नाही. ‘जरा जास्त पितो’ एवढंच बोललं जातं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३पासून आहे.

पैशांच्या योजना, थोडक्यात

केंद्रीय सैनिक मंडळाच्या तीन योजनांची रक्कम १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांसाठी दुप्पट झाली आहे. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकाला किंवा विधवेला दरमहा ८,००० रुपये. दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा २,०००. दोन मुलींच्या लग्नासाठी प्रत्येकी १,००,०००. तिन्ही हवालदार दर्जापर्यंत. लग्नाच्या अनुदानाचा अर्ज लग्नापासून १८० दिवसांत जायला हवा आणि विवाह नोंदणी लागते, म्हणून हळदीच्या दिवशीच वधूपित्याला आठवण करा. पंतप्रधान शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० मिळतात. किमान ६० टक्के गुण हवेत, आणि सेवेतल्या जवानाची मुलं यात बसत नाहीत.

राज्याच्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सन्मान योजनेत एका घराचा मालमत्ता कर माफ होतो. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्यावं लागतं. वसतिगृहांची चौकशी त्याच कार्यालयात करा, नोकरीसाठी पुण्याच्या मेस्कोत, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळात, नाव नोंदवा.

जवान सीमेवर, शेत गावात

बांध कोरणं आणि परस्पर फेरफार हे त्रास जवान बाहेर असल्यानंच ओढवतात. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस असतात, आणि जवानाला रजा मिळेपर्यंत ते संपलेले असतात. गटातल्या एकानं दर सोमवारी ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या नोटिसा बघाव्यात. जवानाच्या गटनंबरावर काही दिसलं तर त्याच दिवशी घरी सांगा आणि लेखी हरकत द्या, पोच घ्या.

दावा कोर्टात असेल तर सेना अधिनियम १९५०चं कलम ३२ कामाला येतं. खटल्यासाठी रजा मिळाल्याचं लष्करी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दिलं, तर शक्य तोवर त्या रजेतच सुनावणी उरकावी, अशी त्यात तरतूद आहे. वकिलांनाही ती आठवून द्यावी लागते. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० या क्रमांकावर फोन करा. जुलै २०२५ला सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदा मदत केंद्रं उघडण्याची तरतूद आहे.

घरी अडचण आली आणि जवानाला बोलवायचं असेल, तर युनिटला फोन करणाऱ्यानं समोर लिहून ठेवावं: सर्व्हिस नंबर, रँक, नाव, कंपनी, कोण आजारी, कुठलं रुग्णालय, डॉक्टरांचं नाव व फोन. ‘लवकर पाठवा’ एवढंच सांगितलं तर युनिट खात्री करण्यात वेळ घालवणारच. उलट, छोट्या भानगडी त्याच्या कानावर घालण्याआधी गटानं मिटवता येतात का ते बघावं. पंप जळाला, ऊस तोडायला टोळी नाही, म्हातारीची पट्टी बदलायची आहे, हे गावात सुटतं.

जवान शहीद झाला तर

अधिकृत निरोप घरी पोहोचेपर्यंत व्हॉट्सअॅपवर एक शब्दही जाऊ देऊ नका. आई-बापाला ही बातमी शेजाऱ्याच्या स्टेटसवरून कळण्याचे प्रकार घडलेले आहेत. अंत्यसंस्काराचं नियोजन युनिट, जिल्हा प्रशासन आणि पोलीस करतात. गटाकडे येतं ते एवढंच: जागा सपाट करणं, सावली, पिण्याचं पाणी, वाहनतळ, आणि घराच्या दारात दोन खंबीर महिला, ज्या कॅमेरे आणि पुढारी दोघांनाही बाहेर थांबवतील.

पहिल्या पंधरवड्यात घरी कुठल्याही कोऱ्या कागदावर सही होऊ देऊ नका. नातेवाईक, विमा एजंट, ‘सगळं मी बघतो’ म्हणणारे, कुणासाठीच नाही. युद्धजन्य कारवाईतल्या मृत्यूसाठी उदार कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या १०० टक्के असतं, सेवेमुळे झालेल्या इतर मृत्यूंसाठी विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के. कुठला दर लागेल हे मृत्यूच्या वर्गीकरणावर ठरतं, म्हणून युनिटकडून येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत फाईलमध्ये लावा. सासर-माहेरात पैशांवरून तिढा पडला तर गटानं बाजू घ्यायची नाही. दोघांनाही कायदा मदत केंद्राचा रस्ता दाखवायचा आणि वीरपत्नीचे मूळ कागद तिच्याच ताब्यात राहतील एवढं बघायचं.

तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तिच्या घरी जायच्या तारखा वहीत आत्ताच लिहा. जाताना फाईल, पेन आणि गटातल्या दोन महिला, हार नको.